बागेतला पाळणा : मुंबईच्या पारशी समाजातील घटत्या जन्मांचा इतिहास

एखाद्या समाजातील स्त्रियांना सरासरी किती मुले होतात, या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाच्या रक्तात शोधायचे, धर्मात शोधायचे की त्याच्या घरभाड्यात आणि शाळांच्या हजेरीपटात शोधायचे, हा लोकसंख्याशास्त्रातील जुना वाद आहे. भारतात तो बहुधा राजकीय व्यासपीठावरून आणि मोठ्या समाजांच्या संदर्भात मांडला जातो, त्यामुळे त्यात आकड्यांपेक्षा आवाज अधिक असतो. या वादाची शांतपणे तपासणी करायची असेल, तर मुंबईच्या पारशी समाजाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. हा समाज लहान आहे, प्रामुख्याने एका शहराभोवती राहिलेला आहे, १८८१ पासून प्रत्येक जनगणनेत त्याची स्वतंत्र मोजदाद झालेली आहे, आणि कोणत्याही सरकारी कार्यक्रमाशिवाय, शेजारच्या समाजांच्या कित्येक दशके आधी त्यातील जन्मांचे प्रमाण उतरणीला लागले.

१८८१ च्या जनगणनेत भारतातील पारशांची संख्या ८५,३९७ होती. त्यांतील सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार एकट्या मुंबई शहरात राहत होते, आणि शहराची एकूण वस्ती तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास होती. पुढील साठ वर्षे देशातील पारशांचा आकडा हळूहळू चढत गेला आणि १९४१ मध्ये १,१४,८९० वर पोचला. ती त्याची शिगेची पातळी ठरली. १९५१ मध्ये तो १,११,७९१ झाला, मात्र यातील काही घट फाळणीची आहे, कारण कराचीचे पारशी आता दुसऱ्या देशाच्या हिशेबात गेले होते. त्यानंतर १९६१ मध्ये १,००,७७२, १९७१ मध्ये ९१,२६६, २००१ मध्ये ६९,६०१ आणि २०११ मध्ये ५७,२६४ अशी ही उतरंड आहे. याच सात दशकांत देशाची लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडे झालेले स्थलांतर हे या घसरणीचे एक कारण आहेच. परंतु लीला विसारिया यांनी १९७४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १८८१ ते १९७१ या काळातील पारशी लोकसंख्येचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून मूळ कारण घटलेले जन्म हेच असल्याचे स्पष्ट झाले.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘एकूण जननदर’ म्हणजे एखाद्या वर्षी निरनिराळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होतात, त्याच प्रमाणात एका स्त्रीला पंधराव्यापासून एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मुले होत गेली, तर तिच्या पदरी सरासरी जितकी मुले येतील तो आकडा. आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यासाठी हा दर साधारण २.१ असावा लागतो, आणि त्याला ‘प्रतिस्थापन पातळी’ म्हणतात. दोनावरचा दशांश बालमृत्यू आणि मुलींच्या तुलनेत मुलग्यांचे किंचित अधिक जन्म यांची भरपाई करतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस पारशी समाजाचा एकूण जननदर एकाच्याही खाली होता, म्हणजे दोन माणसांच्या मागे पुरते एक मूलही उरत नव्हते.

परंतु हा समाज मुळातच कमी मुलांचा होता, असे मानण्यास इतिहासात काहीही आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पारशी कुटुंब गुजरातेतील शेजाऱ्यांसारखेच होते, भाषेने तर होतेच, पण लग्नाच्या चालीरीतींनीही होते. मुले पाळण्यात असतानाच त्यांची सोयरीक ठरवणे रूढ होते, मुली न्हाण येण्याच्या आधी बोहल्यावर चढत आणि मुंबईच्या कोटातील किंवा नवसारीतील एकत्र कुटुंबात नांदत. सहाव्या रात्रीच्या छठीला तबकात कोरा कागद, दौत, लेखणी, कुंकू आणि नारळ मांडून ठेवायचा, म्हणजे विधाता येऊन बाळाचे भाग्य लिहील, ही पारशी घरांतील रीत मराठी घरांतील सटवाईच्या रात्रीशी इतकी जुळते, की इराणातून आलेला धर्म आणि हिंदुस्थानात उचललेली संस्कृती यांतील सांधा तेथे उघड दिसतो. ‘वांशिक पार्श्वभूमी’ म्हणून जी एकजिनसी वस्तू गृहीत धरली जाते, ती बहुतेक वेळा अशीच सांध्यासांध्यांची असते.

बाळंतपणाची रीत मात्र खास झरथुष्ट्री शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांवर बेतलेली होती, आणि तिचा जिवावर होणारा परिणाम तपशिलाने पाहण्याजोगा आहे. प्रसूती घराच्या तळमजल्यावर व्हावी असा दंडक होता. बाळंतिणीला चाळीस दिवस सर्वांपासून वेगळे ठेवत. लाकूड विटाळ शोषून घेते आणि धातू धुता येतो या समजुतीने तिला लोखंडी खाट देत. तिचे अन्न वरून वाढत, तिच्या वस्तूंना इतर कोणी शिवत नसे, आणि चाळिसाव्या दिवशी ‘नाहण’ या विधियुक्त स्नानानंतरच ती घरात मिसळे. नवसारीच्या ऐसपैस, कोरड्या घरात ही विश्रांतीची व्यवस्था ठरत असेलही. पण मुंबईच्या कोटात तळमजला म्हणजे ओल, अंधार आणि गटाराची दुर्गंधी. तेथे सुवारोगाने, म्हणजे प्रसूतीनंतर जंतुसंसर्गामुळे येणाऱ्या तापाने, अनेक तरुण स्त्रिया दगावत. डॉ. तेमुलजी भिकाजी नरिमन यांनी १८८७ मध्ये पारशी स्त्रियांसाठी प्रसूतिगृह सुरू केले, ते या पार्श्वभूमीवर. त्यांची युक्ती अशी की त्यांनी रूढीशी भांडण मांडले नाही. वेगळे राहण्याची अट प्रसूतिगृहातही पाळली जात होती, फक्त ओलसर तळमजल्याच्या जागी हवेशीर, जंतुनाशकाने पुसलेली खोली आली होती. ज्या रूढीने बाळंतिणींचे बळी घेतले, तीच निर्जंतुक प्रसूतीची वाट सुकर करून गेली, हा सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित योगायोग आहे. जगणाऱ्या मुलांची खात्री वाढली की अधिक मुलांची निकड ओसरते, हे लोकसंख्याशास्त्राचे जुने निरीक्षण आहे, आणि पारशी समाजात ही खात्री लवकर आली.

दुसरा बदल मुलींच्या वाट्याला आला. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी १८४८ मध्ये काढलेल्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ने पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या. त्यांत काही मराठी होत्या आणि काही गुजराती; गुजराती शाळांमागे दादाभाई नौरोजींसारखे पारशी तरुण होते, तर मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी पाठबळ दिले. आरंभ एकाच वर्षी झाला, पण वेग एकसारखा राहिला नाही. पारशी शेटजींनी काही वर्षांतच आपल्या मुलींच्या शाळांचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे घेतला आणि त्यांना भरभक्कम निधी दिला. १८६३ मध्ये माणेकजी कर्सेटजी यांनी मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची अलेक्झांड्रा संस्था उभी केली. मराठी मुलींच्या शाळांना इतका पैसा कधीच मिळाला नाही. जननदराच्या तक्त्यांत पुढे दिसणारे अंतर येथूनच पडू लागले होते.

कायद्याने याला जोड दिली. आर्देशिर कर्सेटजी आणि पिरोजबाई यांच्या दाव्यात १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिलेल्या निर्णयामुळे पारशी पतिपत्नींच्या वादांना लागू पडेल असा कायदाच मुंबईत नाही, हे उघड झाले होते. पारशी पुढाऱ्यांनी चळवळ करून १८६५ मध्ये विवाह व घटस्फोटाचा आणि वारसाहक्काचा असे दोन कायदे मंजूर करून घेतले. द्विभार्या गुन्हा ठरली. २१ वर्षांखालील वधूवरांसाठी पालकांची संमती आवश्यक झाली. आणि पती १६ व पत्नी १४ वर्षांची होण्याआधी विवाहाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येणार नाही, अशी तरतूद झाली. बालविवाह यामुळे बेकायदा ठरला नाही, परंतु त्याचे कायदेशीर मोल घसरले. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी हिंदूंमधील बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध लेखणी उचलली, तोवर त्यांच्या स्वतःच्या समाजात ही चाल मागे पडू लागली होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून केलेला विरोध मराठी वाचकांना परिचित आहे. जेथे एका समाजाचे पुढारी सरकारकडे कायदा मागत होते, तेथे दुसऱ्या समाजाचे पुढारी सरकारने घरात डोकावू नये म्हणून लढत होते. दोन्ही भूमिकांना आपापली राजकीय कारणे होती, पण मुलींच्या लग्नाच्या वयावर त्यांचे परिणाम भिन्न झाले.

संस्कृती जन्मांवर नेमकी कशी परिणाम करते, याची सर्वांत उपयुक्त मांडणी किंग्सले डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक यांनी १९५६ मध्ये केली. धर्म, जात, भाषा, शिक्षण यांपैकी काहीही थेट गर्भाशयापर्यंत पोचत नाही. त्यांचा प्रभाव काही ठरावीक दारांतूनच आत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. लग्न कोणत्या वयात होते, किती जण अविवाहित राहतात, वैधव्य आल्यावर पुनर्विवाह होतो की नाही, गर्भधारणा टाळली जाते का, झालेला गर्भ टिकतो का, अशी ही दारे आहेत. या मांडणीचा मोठा फायदा असा, की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ या सैल विधानाऐवजी कोणते दार किती उघडे आहे हे विचारता येते. मराठी उच्चवर्णीय समाजात विधवाविवाहाच्या बंदीने पूर्वी असेच एक दार बंद होते; विशीतच विधवा झालेल्या स्त्रीची पुढची सारी वर्षे जन्मांच्या हिशेबातून वजा होत, आणि त्यामुळे बालविवाह असूनही या जातींत जन्म त्या मानाने मर्यादित राहत. क्रूर रूढीचा हा परिणाम कोणी हेतुपुरस्सर योजलेला नव्हता.

पारशी समाजात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती. तेथे आकसले ते पहिले दार, लग्नाचे. मुलींच्या लग्नाचे वय पिढीगणिक वर सरकत गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते विशीच्या उत्तरार्धात पोचले. याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या देशात लग्न न झालेली प्रौढ स्त्री जवळजवळ अपवादानेच आढळे, तेथे या समाजात अविवाहित स्त्रीपुरुष नेहमीचेच झाले. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका म्हणून कमावणारी, भावाच्या घरी किंवा स्वतःच्या खोलीत राहणारी, भाचरांचे लाड करणारी अविवाहित ‘फोई’, म्हणजे आत्या, हे पारशी कुटुंबातील ओळखीचे माणूस बनले. समाजानेही तिला बोल लावला नाही. शेजारच्या गिरगावात त्याच काळात तिशीपर्यंत लग्न न झालेल्या मुलीच्या बापाला ज्या नजरा सोसाव्या लागत, त्या आठवल्या म्हणजे या स्वीकाराचे वेगळेपण लक्षात येते. लग्न झालेल्यांनी मुले मर्यादित ठेवली, हे खरे. पण न झालेल्या किंवा उशिरा झालेल्या लग्नांचा वाटा या घसरणीत फार मोठा आहे.

लग्न लांबणीवर का पडत गेले, याचे एक उत्तर मुंबईच्या पारशी वसाहतींत मिळते. जेरबाई नौरोसजी वाडिया आणि त्यांच्या मुलांच्या देणग्यांतून नौरोज बाग, रुस्तम बाग, जेर बाग, खुसरो बाग अशा वसाहती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उभ्या राहिल्या. दादरला मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने पारशी कॉलनी वसली. झाडांची रांग, मधले मैदान, उंच छताच्या खोल्या आणि नाममात्र भाडे, असे हे जग होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर ही भाडी जवळपास गोठली आणि एकदा मिळालेली जागा कोणी सोडीनासा झाला. नव्या जोडप्याला बागेत जागा मिळणे दुरापास्त झाले आणि बागेबाहेरची जागा खिशाला परवडेना. म्हातारे आईवडील वारल्यावरच जागा मोकळी व्हायची, तोवर साखरपुडा लांबत राहायचा.

तथापि, घरटंचाईच्या या स्पष्टीकरणावर फार भार टाकणे चुकीचे ठरेल. लालबाग-परळच्या चाळीत त्याच वर्षांत दहा बाय बाराच्या खोलीत आईबाप, दोन लग्न झालेले मुलगे, सुना आणि अर्धा डझन पोरे राहत होती, आणि जागा नाही म्हणून तेथे कोणाचे लग्न थांबले नव्हते. माळ्यावर, गॅलरीत, पडद्यामागे संसार थाटले जात होते. जागा दोघांनाही कमीच होती. वेगळी होती ती लग्नापूर्वी काय हाताशी असावे याची अपेक्षा. स्वतंत्र खोल्या, बायकोला काम पडू नये इतकी मिळकत, मुलाला चांगली शाळा, एवढे जमल्याखेरीज लग्न करणे पारशी मध्यमवर्गाला बेजबाबदारपणाचे वाटू लागले होते. संस्कृती हा शब्द जननदराच्या संदर्भात वापरायचाच असेल, तर तो या अपेक्षेसाठी वापरावा. ही अपेक्षा इराणातून आलेली नव्हती; ती बंदरावरच्या व्यापारात, कापडगिरण्यांच्या नफ्यात आणि इंग्रजी शाळांत तयार झाली होती, आणि व्यापार ओसरून पगारी नोकऱ्यांवर आलेल्या पिढीलाही ती सोडवेना.

समाजाची शिरगणती कमी होण्याचे आणखी एक कारण मात्र कोणत्याही स्त्रीच्या शरीराशी किंवा इच्छेशी निगडित नाही. ते न्यायालयात घडले. रतनजी दादाभॉय टाटा यांनी १९०२ मध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला आणि तिला झरथुष्ट्री धर्माची दीक्षा देण्यात आली. अशा स्त्रीला अगियारीत, म्हणजे अग्निमंदिरात, आणि दोखम्यात, म्हणजे अंत्यविधीच्या मनोऱ्यात, प्रवेशाचा अधिकार आहे का, यावरून वाद पेटला आणि मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला उभा राहिला. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दिनशा दावर आणि फ्रँक बीमन यांनी दिलेल्या निर्णयात पारशी कोणाला म्हणावे याची व्याख्या आली: मूळ इराणी निर्वासितांचे वंशज, इराणातून आलेले झरथुष्ट्री, आणि पारशी पित्याची परजातीय स्त्रीपासून झालेली व रीतसर धर्मात घेतलेली मुले. पारशी आईची, पण परजातीय पित्याची मुले या व्याख्येत बसली नाहीत. शिक्षण घेतलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची आंतरधर्मीय लग्ने वाढत गेली, तसतशी त्यांची मुले समाजाच्या वहीतून गळत गेली. त्या स्त्रियांना मुले झाली होती, ती पारशी म्हणून मोजली गेली नाहीत एवढेच. एखाद्या समाजाचा जननदर हा अंशतः त्या समाजाच्या सीमारेषेचा दर असतो, ही गोष्ट वांशिक तुलना करणारे तक्ते सहसा सांगत नाहीत.

घटत्या संख्येची चिंता समाजात १९४० च्या सुमारास उघडपणे बोलली जाऊ लागली. बॉम्बे पारसी पंचायतीच्या कारभाराशी संबंधित असलेले सापूर देसाई यांनी १९४० मध्ये पारशी आणि सुप्रजनन या विषयावर पुस्तक लिहिले, ज्यात त्या काळच्या युरोपीय प्रथेप्रमाणे वंशशुद्धी आणि ‘योग्य’ लोकांची प्रजा यांची चर्चा होती. त्यातील पुष्कळसे आज वाचताना अंगावर येते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक पी. ए. वाडिया यांनी १९४९ मध्ये समाजाच्या भवितव्यावर लिहिताना आर्थिक बाजूकडे अधिक लक्ष दिले. वाडिया ज्या विल्सन महाविद्यालयाशी जोडलेले होते, त्याच महाविद्यालयात पूर्वी गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी सोडावी लागली होती. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, तेव्हा त्यांच्या मराठी वाचकांना जे पटवावे लागत होते, ते मलबार हिल-ग्रँट रोडच्या पारशी घरांतून कोणाच्या प्रचाराशिवाय होत चालले होते.

आणि याच समाजाने साऱ्या देशाच्या जन्मांची चिंता वाहिली, हा या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग आहे. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत धन्वंती रामा राव यांच्याबरोबर आवाबाई वाडिया होत्या, आणि पुढे अनेक वर्षे त्यांनीच या संघटनेचे नेतृत्व केले. १९५६ मध्ये मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले, ते भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून आज ते ओळखले जाते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तेथूनच चालते. लोकसंख्यावाढीचा प्रश्न पन्नाशीच्या दशकापासून सातत्याने मांडणाऱ्या जे. आर. डी. टाटा यांना १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. ते स्वतः निपुत्रिक होते. आणि ज्या रतनजी-सुझान विवाहावरून १९०८ चा खटला उभा राहिला, त्याच विवाहाचे ते अपत्य होते.

देवनारच्या सर्वेक्षणांनी इतर समाजांविषयी जे दाखवले, ते पारशी उदाहरणाशी सुसंगत आहे. १९९२-९३ मध्ये देशातील हिंदू स्त्रियांचा एकूण जननदर ३.३० आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४१ होता, २०१९-२१ मध्ये तेच आकडे १.९४ आणि २.३६ झाले. दोन्ही उतरले, आणि अंतर एकाहून अधिक मुलाचे होते ते अर्ध्याहूनही कमी झाले. केरळमधील मुस्लिम स्त्रियांचा दर बिहारमधील हिंदू स्त्रियांपेक्षा कमी आहे. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये उत्तर व दक्षिण भारतातील ही तफावत नातेव्यवस्थेशी जोडली होती: उत्तरेत मुलगी अनोळखी, दूरच्या घरात दिली जाते आणि माहेरापासून तुटते, दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरात ती परकी नसते, त्यामुळे तिच्या शब्दाला थोडे वजन राहते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये आपल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला होता, जेथे मामाची मुलगी चालते पण उत्तरेचे वळणही दिसते. लग्नाच्या नकाशातले हे मधले स्थान जननदराच्या नकाशातही महाराष्ट्राला दीर्घकाळ होते. मात्र २०१९-२१ पर्यंत महाराष्ट्राचा दर १.७ आणि गोव्याचा १.३ झाला, तेव्हा जुन्या नातेव्यवस्थेचा खुलासाही अपुरा पडू लागला.

याच सर्वेक्षणात मोठ्या धर्मसमाजांमध्ये सर्वांत कमी, १.३९, दर बौद्ध स्त्रियांचा आढळला. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतील बहुतांश डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील १९५६ च्या धर्मांतराचे वारस आहेत. त्यांच्याकडे गिरण्या नव्हत्या, ट्रस्ट नव्हते, बागा तर नव्हत्याच. परंतु मुंबई विधिमंडळात नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता, जो बहुमताने फेटाळला गेला. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत आंबेडकरांनी स्त्रियांना लग्नाची घाई न करण्याचा आणि फार मुले न होऊ देण्याचा सल्ला दिला होता. मुलींची शाळा, उशिरा लग्न आणि मोजकी मुले या तिन्ही गोष्टी येथे आत्मसन्मानाच्या चळवळीचा भाग म्हणून आल्या. पारशांनी वैभवातून गाठलेली पातळी या समाजाने वैभवाविना गाठली.

केल्विन गोल्डशायडर आणि पीटर उलेनबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ मध्ये असा तर्क मांडला होता, की अल्पसंख्याक असण्यातली असुरक्षितता आणि वर चढण्याची आकांक्षा एकत्र आली म्हणजे असा समाज आर्थिक स्थितीवरून अपेक्षित असेल त्याहूनही कमी मुले होऊ देतो. पारशी आणि महाराष्ट्रातील बौद्ध, दोघांनाही हा तर्क बऱ्यापैकी लागू पडतो. पण अल्पसंख्याकत्वाचा परिणाम सर्वत्र सारखाच होतो असे नाही. कोकणातून मुंबईत आलेले, घरी मराठी बोलणारे बेने इस्राएल हेही असेच लहान आणि शिकलेले. १९५१ मध्ये त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. तो समाजही महाराष्ट्रातून जवळपास ओसरला, मात्र पाळणे थांबल्यामुळे नव्हे, तर कुटुंबेच्या कुटुंबे इस्राएलला गेल्यामुळे. त्यांच्या नातवंडांची गर्दी आता अश्दोद आणि दिमोना येथे आहे.

घसरण थोपवण्याचे प्रयत्न झाले. बॉम्बे पारसी पंचायतीने तिसऱ्या अपत्याला मासिक अर्थसाहाय्य देऊ केले, नवविवाहितांना घरवाटपात अग्रक्रम दिला, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने ‘जियो पारसी’ योजना आणली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवणाऱ्या राज्यसंस्थेने एका समाजाला मात्र वंध्यत्वावरील उपचारांसाठी पैसे देणे, ही या क्षेत्रातील अपूर्व गोष्ट होती. तिच्या पहिल्या जाहिरातींत गर्भनिरोधके बाजूला ठेवण्याचा थट्टेखोर सल्ला आणि लग्नाळू मुलांना चिमटे होते. त्यावर समाजातीलच तरुण स्त्रियांनी कडाडून टीका केली, कारण दोष पुन्हा त्यांच्या शिक्षणावर आणि स्वातंत्र्यावर टाकला जात होता. योजनेच्या साहाय्याने पहिल्या दशकात चारशेहून अधिक बाळे जन्मली. ज्या समाजात जवळपास दर तिसरा माणूस साठी ओलांडलेला आहे, तेथे मृत्यूंच्या संख्येपुढे हा आकडा टिकत नाही. समाज म्हातारा झाला की मुले होण्याच्या वयातील स्त्रियाच मुळात थोड्या उरतात, आणि मग प्रत्येकीने दोन मुले होऊ दिली तरी एकूण बेरीज लगेच वाढत नाही.

पंचायत आणि जनगणना यांची वही अजूनही एक नाही. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून धर्म विचारतो आणि सांगितलेले उत्तर लिहून घेतो. त्याला १९०८ च्या निर्णयाशी कर्तव्य नसते. त्यामुळे पारशी आई आणि मराठी बाप असलेले, दादरच्या एखाद्या इमारतीत वाढणारे मूल अगियारीच्या उंबरठ्याबाहेर थांबते, त्याला बागेतल्या जागेवर हक्क सांगता येत नाही, पण आईने ठरवले तर प्रगणकाच्या रकान्यात ते झरथुष्ट्री म्हणून नोंदले जाऊ शकते.